घाबरायचंच असेल, तर योग्य गोष्टींना घाबरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ५६, आजवर ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत राहिलात आणि आता खरंच जायचं म्हटलं की सहा गोष्टी आडव्या येतात. इंग्रजी येत नाही. विमानाची धास्ती आहे. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. सोबत यायला कोणी तयार नाही. परवडेल असं वाटत नाही. आणि परक्या मुलखात काही झालं तर बघणार कोण? शेवटी तुम्ही विचारलंत, यातलं खरं किती आणि मनाचे खेळ किती?

मी सव्वीस वर्षं गट घेऊन फिरतो आहे. त्याआधी काही वर्षं तिकिटं काढून देण्याचं काम केलं. त्यामुळे निघालेली माणसंही पाहिली आणि चौकशी करून, माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवून कायमची परत गेलेलीही. या दोघांकडे पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. न जाणारे ज्या गोष्टींना घाबरतात, त्यांनी सहसा कोणाचं काही बिघडत नाही. आणि जाणारे ज्या गोष्टींनी अडचणीत येतात, त्यांचा आधी कोणी विचारच केलेला नसतो. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू असतं आणि खरा साप शेजारी निवांत पडलेला असतो. तुमच्या सहाही अडचणींत काहीतरी खरं आहे, फक्त तुम्ही पाहताय तिथे ते नाही.

इंग्रजीपासून सुरू करतो, कारण हा बागुलबुवा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत पोकळ. एक तर जगातल्या बहुसंख्य लोकांना इंग्रजी येत नाही. जपानमधलं लहान गाव, इटलीतला आठवडी बाजार, दक्षिण अमेरिकेतला बसथांबा, अशा ठिकाणी फर्डं इंग्रजी बोलणारा आणि तुम्ही एकाच पंगतीला. दुसरं म्हणजे प्रवासात भाषा लागते ती फार थोडी. दिवसभरात अनोळखी माणसाला आपण काय विचारतो? किती पैसे, किती वाजता, गाडी कुठून सुटते, स्वच्छतागृह कुठे आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत असतात, ती मोबाइलवर टाइप करून दाखवता येतात. उरलेल्या दोन प्रश्नांना समोरचा हात करून दाखवतोच.

आणि ही अडचण तुमच्या एकट्याची नसल्यामुळे तिच्यावरचा इलाज जगाने कधीच शोधून ठेवला आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी जपानी वाचता न येणारे हजारो पाहुणे येणार होते, म्हणून तिथे खेळांसाठी आणि सोयींसाठी चित्रखुणा तयार केल्या गेल्या. १९६९ मध्ये मेक्सिको सिटीची मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रही दिलं गेलं, म्हणजे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कुठे उतरायचं ते कळावं. विमानतळावर सामान, जिना, प्रसाधनगृह यांसाठी आज जी चित्रं दिसतात, त्या घराण्यातला एक मोठा संच अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९७४ मध्ये काढला. विमानतळ हे जगातलं सर्वांत कमी भाषेत चालणारं ठिकाण आहे. फाटकाचा क्रमांक, विमानाचा क्रमांक आणि वेळ एवढं वाचता आलं की काम होतं.

इमिग्रेशनच्या खिडकीची लोकांना फार भीती. तिथे विचारतात ते प्रश्न ठरलेले: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट आहे का. ही चार उत्तरं कागदावर छापून हातात ठेवा आणि कागद पुढे करा. अधिकाऱ्याला तुमचं व्याकरण तपासायचं नसतं. ज्यांना भाषा येते तेच तिथे नको तेवढं बोलतात आणि स्वतःवर प्रश्न ओढवून घेतात, हे मी बरेचदा पाहिलं आहे.

माझ्या एका गटात एक बाई होत्या. इंग्रजीची अक्षरंसुद्धा त्यांना जेमतेम लागायची. रोज सकाळी हॉटेलच्या बाहेर पडल्या की दोन पावलं पुढे जाऊन मागे वळायच्या आणि हॉटेलच्या पाटीचा फोटो काढायच्या. त्याच गटातले एक गृहस्थ, भाषेचे पक्के, एका संध्याकाळी रस्ता चुकले. त्यांना हॉटेलचं नाव पाठ होतं, पण रोमन लिपीतलं. टॅक्सीवाल्याला ती लिपी वाचता येईना आणि यांचा उच्चार त्याला कळेना. बाईंच्या फोनमधला फोटो त्यांच्याकडे असता तर दहा मिनिटांत पोचले असते. पोचायला दोन तास लागले.

भाषेची खरी अडचण येते ती औषधांत, आणि तिचा विचार कोणी करत नाही. तुमच्या गोळीचं दुकानातलं नाव परदेशात बहुधा कोणाला माहीत नसतं. औषधातल्या मूळ द्रव्याचं नाव लिहून घ्या. त्यातही गंमत अशी की जे बऱ्याच देशांत पॅरासिटामॉल, तेच अमेरिकेत आणि जपानमध्ये ॲसिटॅमिनोफेन. आणि एखादं साधं औषध दुसऱ्या देशात बेकायदा असू शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन नावाचं द्रव्य असतं. ते दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. कोडीन आणि ट्रॅमाडॉल संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत, परवानगीशिवाय नेली तर प्रकरण गंभीर होतं. क्रियापदाचं रूप चुकलं म्हणून कोणाला अडवलेलं मी पाहिलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांपायी मात्र पाहिलं आहे.

आता विमान. धास्ती वाटते यात लाजण्यासारखं काही नाही, मलाही पहिली तीन-चार वर्षं वाटायची. ती गेली ती धीर एकवटून नव्हे, यंत्र समजल्यामुळे. खिडकीतून पंख वरखाली हलताना दिसतो आणि पोटात गोळा येतो. पण तो हलण्यासाठीच बनवलेला असतो. जानेवारी १९९५ मध्ये बोइंग ७७७ चा पंख चाचणीसाठी मुद्दाम वाकवत नेला होता. तो सुमारे सात मीटर वर वाकल्यावर तुटला, आणि तुटला तेव्हा त्याच्यावरचा भार उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या १५४ टक्के होता. तुमच्या विमानात हादरे बसतात तेव्हा पंख त्याच्या आसपासही जात नाही.

इंजिन बंद पडलं तर? एक बंद पडलं तर दुसऱ्यावर विमान तासन् तास उडू शकतं. समुद्रावरचे मार्ग तो हिशेब धरूनच आखलेले असतात. दोन्ही बंद पडणं जवळजवळ घडतच नाही, पण ऑगस्ट २००१ मध्ये अटलांटिकवर घडलं. इंधनगळतीने एका एअरबस ए-३३० ची दोन्ही इंजिनं थांबली. ते विमान सुमारे एकोणीस मिनिटं तरंगत अझोर बेटांवरच्या धावपट्टीवर उतरलं. आत ३०६ माणसं होती, सगळी वाचली. विमान इंजिन बंद पडल्यावर दगडासारखं खाली येत नाही, हे मला त्या घटनेने पटवलं.

हादऱ्यांमध्ये खरा धोका असतो तो पट्टा न बांधलेल्यांना. ते छताला आपटतात, किंवा दुसऱ्याच्या अंगावर पडतात. म्हणून पट्टा बांधायची सूचना देणारा दिवा विझला तरी बसलेलं असताना पट्टा सैलसर बांधूनच ठेवा. एवढंच.

पण ज्याची धास्ती असायला हवी आणि नसते, तो म्हणजे रस्ता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसं मरतात. दुसरीकडे २०१७ सारखं वर्षही होऊन गेलं, ज्यात मोठ्या प्रवासी जेट विमानांच्या उड्डाणांत जगभरात एकही प्रवासी दगावला नाही. विमान पडलं की ती दृश्यं आठवडाभर डोळ्यांसमोर फिरत राहतात, रस्त्यावरच्या मृत्यूंची तेवढी बातमी होत नाही. प्रवासी घरी नसतो तेव्हा अंगात थोडा वाराही भरतो. आयुष्यात दुचाकीला हात न लावलेला माणूस बेटावर गेला की भाड्याची स्कूटर घेतो, तीही हेल्मेटशिवाय, अर्ध्या चड्डीत. त्याला हे ठाऊक नसतं की त्या वाहनाचा वैध परवाना नसेल, तर प्रवास विमा बहुधा दमडीही देत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. सुमारे पंचाहत्तर देश-प्रदेशांत वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, बाकीच्यांत उजव्या. रस्ता ओलांडताना आपण डोकं वापरत नाही, सवयीने मान वळवतो. दुसऱ्या पद्धतीच्या देशात ती मान नेमकी उलट्या बाजूला वळते. लंडनमध्ये फुटपाथ संपतो तिथे डांबरावर ‘उजवीकडे पाहा’ असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, ते उगाच नाही. पहिले दोन दिवस मी माझ्या गटाला दोन्हीकडे दोनदा बघायला लावतो. हसतात, पण बघतात.

गुडघे आणि रक्तदाब. काबूत असलेला रक्तदाब सहसा विमानप्रवासाच्या आड येत नाही, पण हे तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐका, माझ्या नव्हे. त्यांना प्रश्न मात्र नेमका विचारा. ‘मी प्रवास करू का?’ असं विचारलंत तर सावध डॉक्टर ‘जपून’ म्हणेल आणि घरचे त्याचा अर्थ ‘नको’ असा लावतील. असं विचारा: विमानात हवेचा दाब जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीवर असतो तितका विरळ असतो, तिथे मी नऊ तास बसून राहिलो तर चालेल का? चार तासांहून जास्त बसून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका माझ्या बाबतीत किती? वेळेत पाच-सहा तासांचा फरक पडला तर गोळी कधी घ्यायची? या प्रश्नांना उपयोगी उत्तरं मिळतात. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, गरजेपेक्षा आठवडाभराच्या जास्त. इन्सुलिन असेल तर ते कधीही मोठ्या सामानात टाकू नये. तिथे ते गोठून वाया जाऊ शकतं.

गुडघ्यांबद्दल लोकांची समजूत अशी की विमानतळावर चालवणार नाही. विमानतळ तर सोपा आहे, व्हीलचेअर मागा, मिळते. बहुतेक ठिकाणी तिचे वेगळे पैसेही पडत नाहीत. ४८ तास आधी कळवायचं एवढंच. गुडघे बोलायला लागतात ते पुढे. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत जिने संपता संपत नाहीत. पायऱ्यांशिवाय पूर्ण जाता येईल अशी मार्गिका म्हणजे नवी १४ क्रमांकाची. आणि संग्रहालयातलं उभं राहणं चालण्यापेक्षा वाईट, कारण संगमरवरावर तीन तास आपण चालतही नाही आणि बसतही नाही. म्हणून तुमच्यासारख्यांना मी ‘जाऊ नका’ म्हणत नाही, ‘ठिकाण गुडघ्यांना विचारून निवडा’ म्हणतो. ट्रामचं शहर घ्या, नदीकाठचं सपाट शहर घ्या, बोटीचा प्रवास घ्या. दिवसाला एकच मोठी गोष्ट ठरवा आणि दुपारी खोलीवर परत या.

शरीर धडधाकट असल्याशिवाय जग बघता येत नाही असं वाटत असेल, तर जेम्स होलमन हे नाव लक्षात ठेवा. इंग्लंडच्या आरमारातला हा अधिकारी पंचविशीत पूर्ण आंधळा झाला. सांधेदुखीही पाठीशी होतीच. आणि १८५७ मध्ये वारला तोवर सैबेरियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत फिरून आला होता, तेही बहुतांशी एकटा.

इथे उलट बाजूची एक गैरसमजूत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्यामुळे माणसं खरोखर दगावतात. ‘मी तंदुरुस्त आहे, मला उंचीचा त्रास होणार नाही.’ विरळ हवेच्या त्रासाचा तंदुरुस्तीशी संबंध नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या तिशीतल्या मुलालाही तो होतो. किंबहुना असे लोक भरभर चढतात म्हणून लवकर अडकतात. ल्हासा ३६५० मीटरवर आहे, बोलिव्हियातला एल आल्तोचा विमानतळ ४००० मीटरच्याही वर. समुद्रसपाटीवरून थेट तिथे उतरलात, तर पहिले दोन दिवस काही न करणं हाच कार्यक्रम. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर नसावी, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला, बरळणं सुरू झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच खाली उतरायचं. एकदा माझ्या गटातल्या सर्वांत वयस्कर बाई, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सावकाश चालत शेवटच्या मुक्कामापर्यंत आल्या, आणि सर्वांत पीळदार तरुणाला मला अर्ध्या रात्री खाली न्यावं लागलं.

सोबत कोणी नाही. ही अडचण मी हलकी मानत नाही. रात्रीचं जेवण एकट्याने, पहिल्या एक-दोन दिवशी, खरंच जड जातं. पण ती अडचण जेवणाच्या टेबलापुरती असते. ‘एकट्याने जमणार नाही’ ही गोष्ट वेगळी आणि ती जुनी आहे. १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातली नेली ब्लाय ही तरुणी संपादकांना म्हणाली, मी पृथ्वीप्रदक्षिणा करते. उत्तर मिळालं की बाईला सोबत लागेल आणि पेट्यांवर पेट्या सामान लागेल, त्यापेक्षा पुरुष पाठवू. शेवटी १८८९ च्या १४ नोव्हेंबरला तीच एका छोट्या हातपिशवीसह निघाली आणि ७२ दिवसांत परत आली. तिच्याशी स्पर्धा लावून दुसऱ्या एका नियतकालिकाने एलिझाबेथ बिस्लंड हिला उलट्या दिशेने धाडलं होतं, ती ७६ दिवसांत पोचली. म्हणजे दोघीही ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या ऐंशी दिवसांच्या आत.

एकट्या प्रवाशाला मी तीन नियम सांगतो. नव्या शहरात उजेडी पोचा, त्यासाठी महागडी गाडी घ्यावी लागली तरी घ्या. पहिल्या दोन रात्रींची खोली आधी ठरलेली हवी. पुढचं मोकळं असलं तरी चालेल. आणि रोज ठरलेल्या वेळी घरच्या एकाच माणसाला एक ओळ पाठवा, सगळ्या गोतावळ्याला नको. सगळ्यांना पाठवायची सवय लावली, की एखाद्या दिवशी राहून गेल्यावर चाळीस माणसं घाबरतात आणि त्यातली पाच एकमेकांना फोन करतात. गटात एकटे जात असाल तर खोली वाटून घेणार की वेगळी, हे आधी विचारा. वेगळ्या खोलीचे जादा पैसे पडतात आणि ते जाहिरातीत लहान अक्षरांत असतात. घोरणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर दहा रात्री काढण्यापेक्षा ते द्यावेत असं माझं मत. मी स्वतः घोरतो, म्हणून सांगतो.

पैशाबद्दल थोडक्यात. प्रवासाचा खर्च दोन भागांत असतो: जाण्यायेण्याचा, जो एकदाच होतो, आणि रोजचा. दहा दिवसांत पाच शहरं धरलीत, तर दर दोन दिवसांनी पुन्हा गाडी, पुन्हा सामान, पुन्हा नवी खोली. एकाच ठिकाणी दहा दिवस राहिलात तर खर्च उतरतो आणि गुडघेही खूश राहतात. सगळं बघूनच यायचं हा हट्ट लोकांना सर्वांत महाग पडतो. दुसरं, गर्दीचे महिने टाळून आगेमागे जा. तिसरं, चौघांची तिकिटं एकदम शोधू नका. विमान कंपन्या एकाच वर्गातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विकतात. सर्वांत स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर चारही वरच्या भावाने दिसतात. आधी एक शोधा, मग दोन, मग ठरवा. आणि परदेशात कार्ड वापरताना यंत्राने विचारलं, ‘तुमच्या चलनात पैसे घेऊ की इथल्या?’ तर नेहमी तिथल्या चलनात. आपल्या चलनाचा आकडा ओळखीचा दिसतो, पण त्यात दुकानदाराच्या बाजूने लावलेला, सहसा वाईट, दर असतो.

‘काही झालं तर कोण बघणार?’ या प्रश्नाचं उत्तर कोरडं आहे, पण दिलासा देणारं आहे: ठरलेली माणसं, ठरलेल्या नियमांनी. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद आणि मग आपल्या देशाचा दूतावास. घरी परतण्यापुरता तातडीचा कागद तिथे मिळतो. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि दोन फोटो वेगळ्या खिशात असतील तर काम पुष्कळ लवकर होतं. दुसऱ्या देशात अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवा असं सांगण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. पण दूतावास दवाखान्याचं बिल भरत नाही आणि तुरुंगातून सोडवून आणत नाही. बिलासाठी विमा. तो घेताना रक्तदाब लपवू नका. हप्ता थोडा वाढतो म्हणून लोक ‘काही आजार नाही’ लिहितात आणि मग नेमका त्याच कारणाने दावा फेटाळला जातो.

सामान हरवलं तर १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू असलेल्या प्रवासात भरपाईची मर्यादा आणि मुदत दोन्ही ठरलेल्या आहेत. बॅग फुटली-मोडली तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार हवी. विमानतळ सोडण्याआधी खिडकीवर नोंद करून तिचा क्रमांक घ्या. ‘उद्या फोन करतो’ म्हणून निघालात की बाजू कमकुवत झाली. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं विमान खूप उशिरा पोचलं किंवा रद्द झालं आणि दोष कंपनीचा असला, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो मागता येतात. बहुतेक प्रवासी मागतच नाहीत, कारण आपल्याला असं काही मिळतं हेच त्यांना माहीत नसतं.

आता ज्यांना घाबरावं असं मी म्हणतो, ते उरलेले धोके. हे सगळे कागदावरचे आहेत.

पासपोर्टची मुदत संपायला चार महिने आहेत म्हणजे तो चालू आहे, असं माणसाला वाटतं. अनेक देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक मागतात. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या शेंगेन गटातल्या २९ देशांना परतीच्या तारखेनंतर तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. त्याच गटातली ९० दिवसांची मर्यादा कोणत्याही सलग १८० दिवसांत मोजतात, दर सहा महिन्यांनी पाटी कोरी होत नाही. काही देशांसाठी यलो फीवरची (पीतज्वराची) लस घ्यावी लागणार असेल, तर दाखला लस टोचल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. मात्र जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, तेव्हा जुना पिवळा कागद फेकू नका. मधल्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघा. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास केलात तर बॅग बहुधा मध्येच हाती येते, तुम्हाला त्या देशात शिरून ती पुन्हा द्यावी लागते, आणि पहिलं विमान उशिरा पोचल्यामुळे दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीचं तुम्हाला काही देणं लागत नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

आणि तारखा. ०४/०७ म्हणजे काही देशांत चार जुलै आणि काहींत सात एप्रिल. व्हिसावर किंवा हॉटेलच्या पावतीवर असं दिसलं की महिना अक्षरांत लिहिलेला कुठे सापडतो का ते शोधा.

तारखेनेच मला माझ्या धंद्यातला पहिला आणि सर्वांत मोठा फटका दिला. दुसरंच वर्ष होतं. अठरा जणांची परतीची तिकिटं १४ तारखेची, वेळ ००:२०. मी सगळ्यांना सांगितलं, चौदाला रात्री निघायचं आहे, दिवसभर आराम करा, खरेदी करा. चौदाच्या रात्री नऊ वाजता आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा आमचं विमान जाऊन जवळजवळ एकवीस तास झाले होते. चौदा तारीख सुरू होऊन वीस मिनिटांनी, म्हणजे आम्ही तेराच्या रात्री जेवून झोपलो होतो तेव्हाच, ते उडालं होतं. अठरा माणसं बाकांवर बसून होती, त्यांतल्या सोळांनी मला काहीही म्हटलं नाही आणि दोघांनी सगळ्यांच्या वतीने म्हटलं. तिसऱ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या विमानांनी, मी त्यांना घरी पोचवलं. पैसे माझ्याच खिशातून गेले. तेव्हापासून मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक तिकिटावर मी पेनाने आदल्या दिवसाचा वार लिहितो आणि त्याखाली, कितीही बालिश दिसलं तरी, ‘जेवून निघायचं, झोपून नाही’ असं लिहितो.